आवाज थांबला की फेस झाला

पुण्याच्या पाण्यात साबण हातावरून लवकर निघत नाही. नोकरीसाठी इथल्या होस्टेलवर राहायला आले तेव्हा पहिल्याच सकाळी हे लक्षात आलं. तोंड धुतलं, परत धुतलं, तरी गालांवर काहीतरी बुळबुळीत राहिलंय असं वाटत राहिलं. शेजारच्या बेसिनपाशी उभी असलेली मुलगी म्हणाली, "निघालाय गं साबण. इथलं पाणीच तसं आहे." मी मान हलवली आणि तिची पाठ वळल्यावर पुन्हा एकदा धुतलं. दौंडला बोअरच्या पाण्यावर वाढलेल्या माणसाला साबण निघाल्याचं कळतं ते कातडी कोरडी पडून ओढायला लागली की.

डिसेंबर लागला, थंडी पडली आणि गावी जाताना रस्त्यात उसाच्या ट्रॉल्या आडव्या यायला लागल्या, की मला माझा बारावीचा हिवाळा आठवतो. इतरांना त्या वर्षाचे क्लास आठवतात, जागरणं आठवतात. मला दाढीचा साबण आठवतो. गोल, पांढरट, हिरव्या प्लॅस्टिकच्या डबीत घट्ट बसवलेला, नख रुतणार नाही इतका कडक. तो माझ्या आजोबांचा होता.

आबा शिरूरला एसटी डेपोच्या मागच्या आळीत दोन खोल्यांत एकटे राहायचे. फौजेतून आल्यावर त्यांनी मार्केट यार्डात वॉचमनची नोकरी केली, तीही संपली, पण रोजची दाढी संपली नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी त्यांच्याकडे जायची. दाराच्या कडीला आरसा टांगलेला. चहाचं आधण ठेवलं की त्यातलं चमचाभर गरम पाणी आधी साबणावर सोडायचं आणि चहा होईपर्यंत साबणाकडे बघायचंही नाही. ब्रश तामचिनीच्या मगात भिजत घातलेला. चहा पिऊन झाला की साबणावरचं पाणी ओतून टाकायचं, ब्रश असा झटकायचा की एक थेंब राहता कामा नये, आणि मग साबणावर गोल गोल फिरवत बसायचं. घाई नाही, दाब नाही. आधी मोठाले बुडबुडे येतात. आबा त्यांना मोजतच नसत. "ह्यो फेस न्हवं. ही साबणाची हवा," म्हणायचे. ते निपटून टाकायचे. मग ब्रशला चिकट लगदा धरायला लागतो. तो रिकाम्या मगात उतरवून त्यात बोटाच्या टोकानं एकेक थेंब पाणी सोडत घोटायचं. चुळचुळ, चुळचुळ असा आवाज येत राहतो, हळूहळू बारीक होतो. मग ब्रश फिरतोय आणि काहीच ऐकू येत नाही, अशी एक वेळ येते.

"आवाज थांबला की फेस झाला," आबा म्हणायचे.

तो फेस दुधावरच्या सायीसारखा जड असायचा. तामचिनीचा मग उलटा केला तरी पडत नसे. एकदा त्यांनी तसा उलटा करून माझ्या डोक्यावर धरला होता. "काय मॅडम, भिता का?" मी इंग्लिश मीडियमला जाते म्हणून ते मला मॅडम म्हणायचे. घरी इतर सगळे रश्मी म्हणत.

त्या वर्षी दिवाळीनंतर आबांना लकवा मारला. उजवा हात आणि उजवा पाय गेला. बोलणं काही दिवसांत परतलं, जरा जड झालं इतकंच. पप्पा मालगाडीचे ड्रायव्हर. त्यांना शिरूरला राहता येईना, म्हणून ते आबांना दौंडला आमच्या रेल्वे कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये घेऊन आले. पुढच्या खोलीत खिडकीशी त्यांची कॉट टाकली. तिथेच माझं अभ्यासाचं टेबल होतं. त्यामुळे बारावीचा सगळा अभ्यास मी आबांच्या पाठीमागे बसून केला, किंवा आबांनी माझ्यापुढे बसून केला असंही म्हणता येईल.

पहिल्या रविवारी पप्पांनी त्यांची दाढी करायला घेतली. पप्पा स्वतः ट्यूबमधलं क्रीम वापरायचे. आबांनी ते बोटावर घेऊन हुंगलं आणि परत केलं. "दात घासायचंय का दाढी करायचीय?" मग आबांचा साबण निघाला. पप्पांनी नळाच्या पाण्यात ब्रश बुडवला आणि घासायला सुरुवात केली. फेस येईना. दूध नासल्यावर येतात तशा गुठळ्या आल्या, त्याही गालावर टेकेपर्यंत वाळल्या. पप्पांना ड्यूटीवर जायचं होतं. त्यांनी तसाच रेझर फिरवला. हनुवटीखाली कापलं, रक्त आलं.

"गाल हाय रे माझा. मालगाडी ओढतूयस व्हय?" आबा म्हणाले.

"तुम्ही हलू नका ना मग!"

"मी हललो आसतो तर बरं झालं आसतं."

त्यानंतर आबांनी पप्पांना रेझर हातात घेऊ दिला नाही. डाव्या हातानं स्वतः करून बघितली, पण फेसाचा मग धरायला दुसरा हात लागतो. दाढी वाढत गेली. पांढरी, विरळ, एका बाजूला थोडी जास्त. कॉलनीतलं कोणी भेटायला आलं की ते भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घ्यायचे. मला ते सोंग ओळखू यायचं, कारण पाहुणे आले की मीही पुस्तकात तोंड घालायची.

दर वर्षी एक जानेवारीला आबा मानवंदना द्यायला जायचे. पुणे-नगर रस्त्यावर नदीकाठी आमच्या माणसांच्या पराक्रमाचा स्तंभ आहे. शिरूरहून सकाळची एसटी पकडायची, इस्त्रीचा कोट, छातीवर पदकं, डोक्यावर टोपी आणि गाल असा गुळगुळीत की लहान मुलांनी हात लावून बघावा. पप्पांनी त्या वर्षी मित्राची जीप ठरवली होती. म्हणाले, "तुम्हाला खुर्चीवर बसवून नेऊ."

"ह्या थोबाडानं मी येनार न्हाई," आबा म्हणाले. "जाऊ दे औंदा."

आबांनी 'जाऊ दे' म्हटल्याचं मी तोवर ऐकलं नव्हतं. पप्पांनीही नसावं. ते ड्यूटीचे बूट घालायला बसले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी संतोषला पाठवलं. बाजारतळाकडे त्याचं सलून होतं, पप्पा केस त्याच्याकडेच कापायचे. पंचविशीचा, बोलका, केसांना जेल लावलेला. पेटी उघडून त्यानं टॉवेल झटकला.

"आबा, टेका मागं. दोन मिनिटांत हीरो करतो तुम्हाला."

"बस. चहा घे," आबा म्हणाले. "दाढी नको."

"का? माझ्या हाताला काय झालंय, आबा?"

"तुझ्या हाताला काय न्हाई पोरा. माझ्या गालाला हाय."

संतोष हसला, चहा पिऊन गेला. आईनं बशी उचलताना पुटपुटत सुनावलं, पण आबांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. मला वाटलं, म्हातारपणचा हट्ट. मी पुस्तकात पाहिलं. केमिस्ट्रीचं पान उघडं होतं. पाण्याचा कठीणपणा, तात्पुरता आणि कायमचा. कठीण पाण्यातले क्षार साबणाला धरतात, त्याचा साका होतो, फेस होत नाही. पाणी उकळलं तर तात्पुरता कठीणपणा तळाशी बसतो. ही वाक्यं मी इंग्रजीत तोंडपाठ म्हणू शकत होते. पप्पांच्या हातातल्या गुठळ्यांचा आणि त्या पानाचा संबंध आहे हे तेव्हा पहिल्यांदा डोक्यात आलं.

संध्याकाळी मी पातेलंभर पाणी उकळायला ठेवलं.

"गॅस काय फुकट येतो?" आई म्हणाली. "बारावीला हे विचारणार आहेत का?"

"हो," मी म्हणाले. ते खरंही होतं.

सकाळी पातेल्याच्या तळाशी पांढरा थर बसला होता. वरचं पाणी न हलवता मी फुलपात्रात काढून घेतलं, पुन्हा कोमट केलं, साबणावर चमचाभर सोडलं आणि चहा होईपर्यंत साबणाकडे बघितलं नाही. मग कॉटच्या कडेला बसून ब्रश फिरवायला लागले. आबा डोळे मिटून पडले होते.

"पाणी जास्ती झालं," ते डोळे न उघडता म्हणाले.

"तुम्हाला काय माहीत?"

"आवाज बघ की. गुळणी केल्यागत येतूय."

रोज सकाळी चहाच्या वेळेला माझं हे काम सुरू झालं. कधी फेस पातळ व्हायचा, कधी घट्ट होऊन ब्रशाच्या मुळाशी अडकून बसायचा. आबा गालाला लावू देत नव्हते. नुसतं ऐकायचे. "दाब देऊ नगंस. केस मोडत्यात." "आता थेंबभर." "थांब, घोट आजून." खिडकीबाहेर शंटिंगच्या शिट्ट्या चालू असायच्या. वारा पाटसकडून असला तर त्याला साखर कारखान्याचा, मळीचा आंबूस-गोड वास असायचा. आम्ही एकमेकांकडे बघत नव्हतो, म्हणून बोलणं सोपं जायचं. मला अजूनही माणसाशी बोलताना हातात काहीतरी काम असलं की बरं पडतं.

एकदा असंच घोटताना मी विचारलं, "संतोषकडून का नाही केली?"

आबांनी डाव्या हातानं गालावरची वाढलेली दाढी चाचपली. मग म्हणाले, "आमच्या गावातला न्हावी आमच्या आळीत येत न्हवता. म्हशी भादरायचा. आमच्या गालाला हात लावत न्हवता."

"मग?"

"मग आमचं आम्हीच. माझा चुलता करायचा. एक वस्तरा, आख्खी आळी. साबण कुठला? पानी लावायचं आन् खरडायचं. ऐतवारी आमची आळी लांबनं वळखू यायची. समद्यांचे गाल लाल." ते थोडं हसले. "माझा बाप मरोस्तवर तसाच खरडून घ्यायचा."

ब्रश माझ्या हातात फिरत होता. शाळेत नवीन कोणी पूर्ण नाव विचारलं की आडनावाआधी मी किंचित थांबायची. हे थांबणं कुठून आलं ते मला कोणी सांगितलं नव्हतं. घरात या गोष्टी निघत नसत. निघू नयेत म्हणूनच मला इंग्लिश मीडियमला घातलं असावं.

"फौजेत भरती झालो," आबा पुढे म्हणाले, "तवा पयल्याच दिवशी रांगंत बशिवलं. न्हावी आला वाटी घिऊन. एकाच्या गालाला ब्रश लावला, त्योच दुसऱ्याच्या, त्योच तिसऱ्याच्या. एकाच वाटीतला फेस. माझ्याजवळ आला तवा मी उठून हुबा ऱ्हायलो. म्हनलं, भाऊ, मी कोन हाय म्हाईत हाय का तुला. त्यो म्हनतो, बैठ जा, फेस सूख रहा है."

"मग बसलात?"

"बसलो. डोळं न्हाई मिटलं पर. त्याच्या हाताकडं बघत ऱ्हायलो."

"अजून पाणी घालू का?" मी विचारलं.

"घाल. थेंबभर."

खोलीत काहीच आवाज नाही, हे आम्हा दोघांच्या एकदमच लक्षात आलं असावं. ब्रश फिरत होता आणि ऐकू काही येत नव्हतं. मी हातातला मग उलटा केला. फेस जागचा हलला नाही.

आबांनी डोळे उघडून बघितलं. पण दाढीचं काही बोलले नाहीत. मी तो फेस धुऊन टाकला.

डिसेंबरच्या शेवटच्या दिवशी मी पुन्हा तसाच फेस केला. पप्पा ड्यूटीवरून येऊन आंघोळीला गेले होते. जीप दुसऱ्या दिवशी पहाटे यायची होती, ती नको म्हणून सांगायचं का, हे आई त्यांना बंद दारातून विचारत होती.

"मॅडम," आबा म्हणाले, "त्या पोराला बोलवा जावा."

"संतोषला?"

"व्हय. म्हनावं, वस्तरा तेवढा आन. फेस आमचा हाय."

मी सलूनमध्ये कधी पाऊल टाकलं नव्हतं. बाहेरच्या बाकावर तिघे पेपर वाचत बसलेले, आत रेडिओ, गळ्यापर्यंत कापड गुंडाळलेला एक माणूस आरशातून माझ्याकडे बघतोय. दुकानासमोरून मी एकदा नुसतीच पुढे गेले. मगातला फेस वाळत असेल हे आठवल्यावर मागे फिरले आणि दारातूनच म्हणाले, "आबांनी बोलवलंय. आत्ता लगेच."

"आलोच ताई, ह्यांचे कल्ले तेवढे—"

"फेस वाळतोय," मी म्हणाले.

बाकावरचा एक जण पेपरमागून म्हणाला, "जा बाबा, लगीनघाई दिसतीय." सगळे हसले. मी रस्त्याकडे बघत उभी राहिले. पण संतोषनं खरंच कात्री ठेवली.

घरी आम्ही पोचलो तेव्हा पप्पांनी आबांना खुर्चीत बसवलं होतं. फेसाचा मग मी ओल्या टॉवेलनं झाकून ठेवला होता. संतोषनं टॉवेल काढून आत बघितलं. "आयला! हे काय, बासुंदी का काय? कुणी केलं?"

"नातीनं," आबा म्हणाले.

"ताई, उद्यापासून दुकानात या. पगार देतो."

"ती शिकतीय," आबा म्हणाले. मग त्याच्याकडे नीट बघून म्हणाले, "तुझीबी दाढी वाढलीय की रे."

संतोषनं गालावर हात फिरवला. "आबा, न्हाव्याला कधी वेळ मिळतोय व्हय स्वतःची करायला!"

"मग लाव. आदी तू लाव. त्योच ब्रश घे."

मी पप्पांकडे बघितलं. पप्पा फरशीकडे बघत होते. म्हणजे गावच्या न्हाव्याची आणि फौजेतल्या ब्रशाची गोष्ट त्यांनाही माहीत होती. मला वाटत होतं की आबांनी ती फक्त मला सांगितली, आणि त्यांना वाटत असणार की मला ती माहीत नाही. आई स्वयंपाकघराच्या दारात थांबली. आबांचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावर होता. संतोष नको म्हणाला असता, काही सबब सांगितली असती, स्वतःचा ब्रश पेटीतून काढला असता, तर आबा पुन्हा कॉटवर भिंतीकडे तोंड करून झोपले असते आणि ते सोंग मग कायमचं झालं असतं. हे मला तेव्हा कळत होतं. संतोषला यातलं काहीच माहीत नव्हतं.

त्यानं मगातून ब्रश उचलला आणि आमच्या आरशापुढे वाकून स्वतःच्या दोन्ही गालांना फेस लावला. नाकाच्या शेंड्यालाही थोडा लागला. "लई भारी," तो म्हणाला. "गार पन न्हाई पडला अजून."

"हं," आबा म्हणाले. "आता माझी कर."

तोच ब्रश आबांच्या गालाला लागला. संतोषचे स्वतःचे गाल पांढरे, आणि तो तसाच वाकून आबांची दाढी करत होता. मधेच त्याच्या हनुवटीवरचा फेस आबांच्या टॉवेलवर पडला. कोणी तो पुसला नाही. वस्तरा वरून खाली येत होता आणि मागे कोवळी कातडी उघडी पडत होती. पप्पांनी कापलेल्या जागी संतोष जरा थांबला, कातडी दोन बोटांनी ताणून धरली आणि अलगद पुढे गेला. आबा डोळे मिटून बसले होते.

संपल्यावर त्यानं तुरटी फिरवली. मग आमच्याच आरशात स्वतःची दाढी उरकली. मगात अजून थोडा फेस होता. पप्पा पुढे आले आणि त्यांनी तो स्वतःच्या गालाला लावला. त्या सकाळी आमच्या पुढच्या खोलीत एका ब्रशानं तीन दाढ्या झाल्या. मी तो मग धुतला, ब्रश झटकून खिडकीत उलटा टांगला आणि पुस्तक उघडलं. काय वाचलं ते आठवत नाही.

आबा जाऊन आता काही वर्षं झाली. त्या सकाळनंतर ते असेपर्यंत दर दोन दिवसांनी संतोष येत राहिला आणि फेस मीच करत राहिले. हिरवी डबी माझ्या कपाटात आहे. साबण मधोमध झिजून खळगा पडलाय, कडेला तेवढी पांढरी कड उरलीय. मागच्या रविवारी होस्टेलच्या बेसिनवर मी त्यावर चमचाभर पाणी सोडून बघितलं. इथल्या पाण्यात फेस चटकन येतो. इतक्या चटकन की ऐकत बसायला वेळच मिळत नाही. शेजारच्या मुलीनं विचारलं, "हे काय गं?" मी म्हणाले, "आजोबांचा साबण." तिनं आजोबांचं नाव विचारलं. मी पूर्ण नाव सांगितलं, आडनावासकट.

त्या तीन दाढ्यांच्या दुसऱ्या दिवशी, एक जानेवारीला, आम्ही पहाटे जीपनं निघालो. थंडी होती, आबांनी मफलर घेतला नाही. म्हणाले, गाल झाकले तर उपेग काय. स्तंभापाशी गर्दी होती, तरी खुर्चीवरचा म्हातारा आणि त्याची पदकं बघून लोकांनी वाट दिली. आबांच्या वयाचे तिघे-चौघे ओळीत उभे होते. त्यांनी पाय जुळवले आणि सलाम केला. आबांनी मांडीवरच्या उजव्या हाताकडे बघितलं. तो हलला नाही. पप्पा तो उचलून धरायला वाकले. आबांनी डाव्या हातानं त्यांना बाजूला सारलं.

मग त्यांनी हनुवटी वर केली. जितकी वर जाईल तितकी, आणि ती तशीच धरून ठेवली.